दहा टक्के जास्तीचा अभ्यासक्रम

माझ्या एकुलत्या एक ताईस, तिच्या धाकट्या आणि (तिच्याच मते) उशिरा पिकलेल्या भावाचा प्रभूच्या नावाने सलाम.

गुडघा कसा आहे? तो आता तुझं ऐकत नाही असं लिहिलं होतंस. चाळीस वर्षं शाळेत तू दुसऱ्यांच्या पोरांना ‘उठा, बसा’ करायला लावलंस, कुणीतरी एकाने उट्टं काढायलाच हवं होतं. इकडे सगळे खुशाल. तुझी भावजय ठणठणीत आहे. माझ्यावर ओरडताना तिला दम लागत नाही, त्यावरून मी तिची तब्येत जोखतो. पत्राला खास कारण काही नाही, सहजच लिहितोय. (हो, सहजच. चष्मा पुसून ही ओळ पुन्हा वाचू नकोस.)

आमच्या चिमणीला या वर्षापासून घरीच शिकवायचं ठरलं, हे तुझ्या कानावर आलं असेलच. शाळा वाईट नव्हती गं. पण जायला तास, यायला तास, आणि पोर घरी येऊन बुटांसकट सोफ्यावर आडवी. सात वर्षांची नात कचेरीतून सुटलेल्या कारकुनासारखी उसासे टाकायला लागली, तेव्हा सूनबाईंनी मनावर घेतलं. सकाळची प्रार्थना सगळ्यांनी मिळून करावी, पवित्र शास्त्रातली गोष्ट वाचावी, मग अभ्यास, असा त्यांचा साधा बेत. तो ऐकून आमच्या चर्चच्या मंडळीतली आणखी तीन कुटुंबं तयार झाली. अनुभव मात्र कुणालाच नाही. सूनबाई हॉस्पिटलातल्या नर्स; माणसाला सुई टोचताना त्यांचा हात हलत नाही, पण खडू धरताना हलायला लागला. ‘मी शिकवलं आणि पोर अडाणी राहिली तर?’ हे त्या दिवसातून तीनदा, जेवणानंतर गोळी घ्यावी तसं म्हणायच्या. शेवटी स्वतःच मुदत घातली: महिनाभर बघू, नाही जमलं तर मुकाट्याने परत शाळा.

आता पुस्तकं निवडायची कुणी? पाळकसाहेबांनी सभा घेतली आणि चारही घरांचं काम एकमताने माझ्या गळ्यात मारलं. कारण काय, तर मी निम्म्या गावाच्या फरश्या निवडून दिल्यात आणि मला कुणी फसवू शकत नाही. (ताई, माणसाला फसवायचं असेल तर आधी त्याला हे सांगावं. मी स्वतः गिऱ्हाइकांना हेच सांगतो, तरी गळाला लागलो.)

पुस्तकांच्या प्रदर्शनात गेलो तर पुस्तकवाल्याची जीभ नुकत्याच पॉलिश केलेल्या फरशीसारखी. त्याच्या बोलण्यावर पाय ठरेना. ख्रिस्ती कुटुंबांसाठी खास संच, म्हणाला. शास्त्रातल्या महापुराच्या तारवावरूनच, म्हणजे त्या जहाजावरूनच, सगळे विषय: तारवाची लांबी म्हणजे गणित, प्राणी म्हणजे विज्ञान, पूर म्हणजे भूगोल, आणि खिडकीतून सोडलेलं कबुतर म्हणजे, त्याच्या मते, दळणवळण. सोबत चौऱ्याऐंशी लाकडी प्राणी, सहा तक्ते, आणि पालकांसाठी मार्गदर्शिका, जी उचलायला तो स्वतःच दोन हात वापरत होता. मी माझ्या धंद्याप्रमाणे वागलो. घराची फरशी घ्यायची तर सगळ्या खोल्यांची एकदम घ्यावी, नाहीतर पुढच्या खेपेला रंग जुळत नाही. आणि फुटतुटीसाठी दहा टक्के जास्त सांगावी. तेव्हा पहिली ते पाचवी सगळे संच एकदम घेतले, चारही घरांसाठी. आणि दहा टक्के जास्त. पुस्तकवाल्याने विचारलंसुद्धा, साहेब, जास्तीचं कशाला? मी म्हणालो, वाटेत फुटलं तर?

त्याने माझ्याकडे जसं पाहिलं तसं तू माझ्याकडे तिसरीच्या पाढ्यांच्या वेळी पाहायचीस.

खोकी आली. चिमणीच्या खोलीत ती मावली, चिमणी मावली नाही. सोमवारी सकाळी प्रार्थना झाली आणि सूनबाईंनी मार्गदर्शिका उघडली. पहिल्या दिवसाच्या सत्तावीस पायऱ्या, आणि पुस्तक उघडायची पायरी एकोणिसावी. त्याआधी तक्ता टांगा, प्राणी जोडीजोडीने मांडा, मुलाची उत्सुकता नोंदवा. चौऱ्याऐंशी प्राणी मांडेपर्यंत चिमणीची उत्सुकता मांजराला घेऊन बागेत गेली होती. गुरुवार उजाडला तरी घरात सोमवारच चालू. बाकीच्या तिन्ही घरांतून फोन: बेकरीवाल्यांच्या घरी जिराफाची मान मोडली, आणि बेकरीवाली बाई विचारत होती की हा विज्ञानाचा भाग आहे का.

शुक्रवारी दुपारी सूनबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलेल्या, मांडीवर मार्गदर्शिका. डोळे कोरडे, पण आवाज बसलेला. ‘बाबा, सोमवारी तिला शाळेत सोडून येते. दोष पुस्तकांचा नाही. मलाच येत नाही.’

माझे कान तुला माहीत आहेत. फरशी बसवली की मी चकाकी बघत नाही, बोटाच्या पेराने ठोकून ऐकतो. खाली पोकळ राहिलं असेल तर आवाज लगेच सांगतो, मग फरशी कितीही देखणी असो, उचलायची. सूनबाईंचा आवाज तसा वाजला. मी म्हटलं, सोमवारपर्यंत माझे दोन दिवस आहेत. पुस्तकं मी बसवलीत, पोकळ असतील तर मीच उचलणार.

शनिवारी मी चिमणीला शेजारी बसवलं आणि सूनबाईंना एकेका पुस्तकातलं एकेक पान मोठ्याने वाचायला लावलं. वाचता वाचता त्यांचा आवाज सरकारी झाला की पुस्तक खोक्यात परत. चिमणीने ‘मग?’ विचारलं की पुस्तक टेबलावर. बस, एवढीच परीक्षा. संध्याकाळी टेबलावर उरलं किती? शास्त्रातल्या गोष्टींचं एक, वाचनाचं एक पातळ, गणिताचं एक, एक कोरी वही. झाडं-पाखरं शिकायला दार उघडून बाहेर जायचं. हात पुसता पुसता मला हसूच फुटलं. अकराव्या वर्षी मी शाळा सोडून वाळूची घमेली वाहायला लागलो, तेव्हा संध्याकाळी तू मला एवढ्यावरच शिकवलं होतंस: एक मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक, एक पाटी आणि एक कान. (कान माझा, हात तुझा.)

सोमवारी प्रार्थना, गोष्ट, वीस मिनिटं वाचन, वीस मिनिटं गणित. आकडेमोड चिमणीने ओट्यावरच्या फरश्या मोजून केली, माझी एक चुकली तर मला उभं करून पुन्हा मोजायला लावल्या. (स्वभाव कुणावर गेलाय ते मी लिहीत नाही.) काल तिने एक अख्खी गोष्ट स्वतः वाचली, आणि सूनबाई शेवटी स्वतःच ‘मग?’ म्हणाल्या. मुदतीचं नावही आता कुणी काढत नाही. तिन्ही घरांतही हीच चाचणी करून टेबलं हलकी केली. मार्गदर्शिकाही वाया गेली नाही. नवी फरशी चिकटेपर्यंत वर वजन म्हणून ठेवतो, एक कोपरा उचलत नाही. असा अभ्यासक्रम दुसरा झाला नाही.

सर्वांचा सलाम. गुडघ्यालाही सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. चारही घरांची मुलं बुधवारी आमच्याकडे एकत्र जमतात, म्हणून खुर्च्या करून घेतल्या. सवयीने एक जास्तीची. काहीच फुटलं नाही, त्यामुळे ती रिकामी आहे. तिला हात आहेत, आणि उंची दुखऱ्या गुडघ्याला सोयीची आहे. हा निव्वळ योगायोग.

आणखी ता. क. खोकी माळ्यावर गेली, चिमणीची खोली मोकळी झाली, आता दोघींना पुरेल. तिथे खरखरीत फरशी घातलीय, पाय घसरायचा नाही. उंबरठाही काढून टाकला. ‘मी कुणाच्या घरी भार होणार नाही’ हे तुझं जुनं वाक्य यावेळी पाठवू नकोस. भार काय असतो ते मी मार्गदर्शिका उचलून पाहिलंय.

शेवटचं ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हे पत्रही ठोकून बघावं, म्हणून चिमणीला वाचून दाखवलं. सूनबाई दारातून म्हणाल्या की ‘सहजच’पाशी पोकळ वाजतंय. बरोबर आहे, तेवढी एक फरशी उचलतो. चिमणी मात्र शेवटपर्यंत ऐकत बसली आणि म्हणाली, ‘मग?’

ताई, पुढचं पान तुझ्याकडे आहे.