हात राखू नकोस

५ जानेवारी, सोमवार

असिस्टंट आजपासून बाळंतपणाच्या रजेवर. सहा महिने. बाई कामाची आहे, नाही असं नाही, पण रेंगाळते फार. संध्याकाळी माझं काम संपलं की रोज म्हणणार, तुम्ही निघा सर, मी फाइल बंद करून जाते. फाइल बंद करायला हिला दोन-दोन तास लागतात. गेली दोन वर्षं बघतोय. बोललो नाही इतकंच.

नव्या वर्षाचा संकल्प एकच. माझ्या मित्राचा, गप्प्याचा सिनेमा एकट्याने मिक्स करायचा, कुणाचीही लुडबुड नको. एकतीस वर्षं हेच करतोय. संवाद, पावलं, दारं, वारा, संगीत, सगळं एकमेकांच्या उरावर न बसता पडद्यावर नीट बसवायचं. लोक म्हणतात सिनेमा बघितला. ऐकला असं कुणी म्हणत नाही. चालायचंच.

१० जानेवारी, शनिवार

हॉटेलात नेहमीचं टेबल, नेहमीचे चौघे. दातवाला, म्हणजे आमचा डेंटिस्ट. मालिका, हा टीव्हीच्या मालिका लिहितो. सध्या त्याची सासू तीन आठवडे बेशुद्ध आहे, कारण नटीने सुट्टी घेतलीय. गप्प्या आणि मी. गप्प्याला हे नाव कॉलेजात पडलं. तोंडी परीक्षेत उत्तरं बरोबर देऊन नापास झाला होता, परीक्षकांना ऐकूच गेली नाहीत. हल्ली तर नुसते ओठ हलतात.

विषय: सिनेमाचा धंदा बुडाला का? मालिका म्हणाला, थिएटरं बंद पडतायत, लोक जेवता जेवता फोनवर सिनेमा संपवतात. दातवाला म्हणाला, त्याची मुलगी आपल्याच भाषेतले सिनेमे खाली अक्षरं लावून बघते. मग मी विषय हातात घेतला. सिनेमा बुडाला नाही म्हटलं, सिनेमा पुटपुटतोय. पूर्वीच्या नटाचा शब्द शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या माणसाला उठवायचा. आताचे तोंडात गुळणी धरून बोलतात. आवाजातली चमकच गेली. वीस मिनिटं बोललो. मध्ये कुणी काही म्हणालं असेल तर मला आठवत नाही.

निघताना दातवाल्याने बाजूला घेतलं. अगदी गंभीर होऊन म्हणाला, अरे, एकदा काम दाखव. मला भरून आलं. दात उपटणाऱ्या माणसाला माझ्या कामात एवढा रस! वर बोटाने कानशिलावर टकटक करून दाखवलं, म्हणजे डोकं लागतं या कामाला. म्हटलं, सिनेमा पुरा होऊ दे, पहिल्या खेळाला तुला बोलावतो. तो नुसता बघत राहिला. भावनाप्रधान माणूस.

१३ जानेवारी

दाराची बेल पुन्हा बिघडली. तीन महिन्यांतली तिसरी. ही भाजीच्या पिशव्या घेऊन पंधरा मिनिटं बाहेर उभी, आणि मी आत पेपर वाचतोय. शेवटी शेजाऱ्यांकडून फोन केला. ही आत आल्या आल्या मी बेल दाबून दाखवली. बघ, वाजतेय का? ही म्हणाली, वाजतेय. आता रागात माणूस काहीही म्हणतो.

कुकरचंही तेच. शिट्ट्याच करत नाही. परवा भात जळून कोळसा झाला तरी शिट्टी नाही. रिंग बदलली, वरची शिट्टी नवी आणली. आजकाल कुठलीच वस्तू धड बनवत नाहीत.

१४ जानेवारी

हिने फ्रिजवर चिठ्ठी लावलीय: कानाचे डॉक्टर, गुरुवार, अकरा वाजता. गुरुवारपासून मिक्सिंग. चिठ्ठी काढून टाकली. ज्याने एकतीस वर्षं कानांवर घर चालवलं त्याचे कान तपासणार म्हणे. दोष हिच्या बोलण्यात आहे. स्वयंपाकघरात नळ सोडून, पाठ करून बोलते. मी तसं सांगितलं. त्यावर ही काहीतरी बोलली, नळ सोडून, पाठ करून.

१५ जानेवारी, गुरुवार

कामाला सुरुवात. गप्प्याने चार वर्षं घातलीत या सिनेमात. शिकवायची नोकरी सोडली, केस गेले, बहिणीशी अबोला झाला. गोष्ट एवढीच: आई आणि मुलगा जुनं घर रिकामं करतात. दोन तास फडताळं उघडतात आणि बंद करतात. शेवटी निघताना आई मुलाच्या कानात काहीतरी कुजबुजते. संपलं. सात फेब्रुवारीला वितरक बघायला येणार. त्याने घेतला तर सिनेमा थिएटरात जाईल. नाही घेतला तर गप्प्याच्या कपाटात. गप्प्या एकोणसाठ वर्षांचा आहे. पुढचा सिनेमा वगैरे काही नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

तेव्हा हा माझ्या हातून झालाच पाहिजे.

१९ जानेवारी

रेकॉर्डिंग भयंकर. स, श, च, त, सगळी अक्षरं बोथट. पावलांना धार नाही. चाव्या वाजतात त्या चाव्या की बटाटे, कळत नाही. बारीक आवाजांचा फेडर, म्हणजे आवाज वाढवायची पट्टी, वर नेली. आणखी वर. मग कुठे सिनेमाला जाग आली. मीटर लाल दाखवत होता. मीटरही जुना झालाय, स्टुडिओच्या मालकांना सांगायला हवं.

२१ जानेवारी

गप्प्या दिवसभर मागच्या खुर्चीत. दुपारी डोकं दुखतं म्हणून गोळी मागितली. ताण येतोच दिग्दर्शकाला. फडताळाचा सीन ऐकवला. कसा वाटला विचारलं, तर कपाळाला हात लावून म्हणाला, सरस आहे. हा माणूस सहज कौतुक करत नाही. मी धार आणखी थोडी वाढवली.

मग शेवटच्या कुजबुजीवर आलो. गप्प्या उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बाकी काय हवं ते कर, पण या कुजबुजीला हात राखू नकोस.

नाही राखणार, मित्रा. शब्द दिला.

२३ जानेवारी

कुजबुज म्हणून जे रेकॉर्ड केलंय ते म्हणजे शून्य. आईचे ओठ हलतात आणि शांतता. आठ वेळा ऐकलं. काही नाही. याच्यावर सिनेमा संपतो आणि इथेच आवाज गायब? बरं झालं, माझ्या हातात आला. सगळे फेडर वर. मागचा वारा काढला, संगीत काढलं. आता काहीतरी असल्यासारखं वाटतं. आणखी वर.

३० जानेवारी

काम फत्ते. मालक डोकावले, दोन मिनिटं उभे राहिले आणि दार लोटून गेले. दोन मिक्सिंग रूमपैकी एक बंद करणार अशी कुणकुण आहे. सगळीकडे हेच. पोरंपोरी घरी गादीवर बसून लॅपटॉपवर सिनेमे मिक्स करतात. ऐकणार कुठून? कान तयार व्हायला एकतीस वर्षं लागतात.

असिस्टंटला मुलगी झाली. अभिनंदनाचा मेसेज टाकला. तिने उलट विचारलं, सर, फायनल फाइल पाठवायच्या आधी एकदा मला ऐकवाल का? ओली बाळंतीण, हिला काय करायचंय? आराम कर म्हटलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस विसरणार नाही.

छोटं थिएटर, साठेक माणसं. मी शेवटच्या रांगेत, लोकांवर नजर ठेवून. पाच मिनिटांतच परिणाम दिसायला लागला. फडताळं उघडली तशी माणसं खुर्चीत आखडली. पुढची बाई दोन्ही कानांवर हात ठेवून बसली, म्हणजे प्रसंग सहन होत नव्हता. मालिका मान खाली घालून होता, रडत असणार. मध्यंतराआधी दहा-बाराजण उठले. हल्ली लोकांना फोनशिवाय राहवत नाही.

आणि शेवट! आई कुजबुजली आणि अख्खं थिएटर जागच्या जागी उडालं. कुणाच्या तरी हातून पाण्याची बाटली पडली. एकतीस वर्षांत असा परिणाम बघितला नाही.

दिवे लागले तेव्हा वितरकाची खुर्ची रिकामी होती. आधीच ठरवलं असेल, उठून फोन करायला गेला असेल. गप्प्या पहिल्या रांगेत तसाच बसून. मी जवळ गेलो. तो म्हणाला, तुझ्याकडे सिनेमा द्यायचं मला सुचलं. डोळ्यांत पाणी. मीही गहिवरलो. म्हटलं, अरे, मित्र कशाला असतात?

चहाला थांबला नाही.

११ फेब्रुवारी

कुणाचाही फोन नाही. सिनेमा मनात मुरायला वेळ लागतो.

१२ फेब्रुवारी

गप्प्याचा मेसेज. नीट तीन वेळा वाचला. वितरकाने उठून जाताना सांगितलं, आवाज सुधारलात तर फाइल पाठवा, वेळ मिळाला तर बघू. वीस तारखेपर्यंत. मिक्सिंग असिस्टंट करतेय, तिच्या घरी.

माझी असिस्टंट. घरी. गादीवर.

संकल्प: गप्प्याचं तोंड बघायचं नाही. असिस्टंटला मात्र आजच्या आज सुनावायचं.

१२ फेब्रुवारी, दुपारी ४

सुनावायला गेलो. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. ती लॅपटॉपसमोर, मांडीवर बाळ झोपलेलं. मी उभ्यानेच सुरू केलं: विश्वास, निष्ठा, पाठीत सुरा. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन वर्षांचे सगळे सिनेमे, ओळीने. प्रत्येकाच्या दोन फाइल. एकीवर लिहिलेलं: सरांचं मिक्स. दुसरीवर: सरांचं मिक्स, शिट्ट्या काढून.

शिट्ट्या कसल्या, विचारलं. तिने पहिल्या फाइलमधला एक तुकडा लावला. मला छान वाटला. बाळ दचकून जागं झालं आणि तोंड वाकडं करून किंचाळायला लागलं. तिने घाईघाईने बंद केला.

चौदा दिवसांच्या बाळाला माझ्याशी काय वैर असणार?

खाली येऊन जिन्यात बसलो. ती माझ्या मागे दोन तास थांबायची, रोज, आठवा महिना लागल्यावरसुद्धा. मी तिला रेंगाळी म्हणत होतो.

१६ फेब्रुवारी

दातवाला स्वतः गाडी घेऊन आला. गाडीत बसल्यावर एकेक अक्षर सुटं करून, माझ्याकडे तोंड करून म्हणाला: का-न. कान दाखव. दोन वर्षं सांगतोय. मी म्हटलं, मला काम ऐकू आलं. तो हसला नाही.

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा. मी वाट बघत बसलो. बाहेर आल्यावर विचारलं, सुरू कधी करणार? त्या म्हणाल्या, झालं.

कागदावर आलेख दिला. असले आलेख मी रोज वाचतो, मला कुणी समजवायची गरज नाही. डावीकडून रेघ बरी चालते आणि मग कडा कोसळावी तशी खाली. बारीक आवाज जवळजवळ संपलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अचानक नाही, आठ-दहा वर्षं चालू असणार. तुमचा व्यवसाय काय?

मशीन म्हटलं. मशीनवर काम करतो.

१८ फेब्रुवारी

कानातलं यंत्र मिळालं. फ्रिज बोलतो. माझ्या शर्टाच्या बाह्या बोलतात. बेल वाजली आणि मी चमचा टाकला. तिन्ही बेला चांगल्या होत्या.

ही केवढ्याने ओरडते! म्हटलं, एवढं ओरडू नकोस, ऐकू येतंय. ही म्हणाली, आता सवय झालीय. मग सिंकपाशी जाऊन नळ सोडला आणि पाठ करून उभी राहिली. नळाच्या आवाजाआड ती रडते हे मला आजवर माहीत नव्हतं.

दुपारी घरी कुणी नसताना माझं मिक्स लावलं. अकरा सेकंदांपुढे ऐकवेना. दातांतून तार ओढावी तसं. मी पुढच्या बाईसारखे दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मग बंद केलं.

मागची पानं चाळली. सरस नसणार, कर्कश असणार. मला सुचलं नव्हे, माझं चुकलं. आणि कुजबुजीला हात लावू नकोस, असं सांगत होता तो. खांद्यावर हात ठेवून सांगत होता.

२० फेब्रुवारी

असिस्टंटने नवं मिक्स ऐकवलं. कुजबुज आली. ओठ हलले, वारा होता, एक शब्दही कळला नाही. यंत्राचा आवाज वाढवला, तरी नाही. शेवटी लाज सोडून विचारलं, आई काय म्हणते? ती म्हणाली, ते कुणालाच ऐकू यायचं नाहीये, सर. म्हणून तर सगळे पुढे वाकतात.

फाइल संध्याकाळी गेली. वितरकाचं उत्तर चार मिनिटांत आलं. त्या जागी दुसरा सिनेमा घेतलाय. शुभेच्छा. एवढ्या वेळात पहिलं फडताळसुद्धा पुरतं उघडत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

संकल्प: जायचं. माफी मागायची. भाषण नाही. गप्प्या काय बोलेल ते, शिव्या असल्या तरी, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकायचं.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

गेलो. तिघेही होते. माझी खुर्ची होती. मी माफी मागितली, चार वाक्यांत. दातवाला मोठ्याने म्हणाला, चहा घे. मालिका मोठ्याने म्हणाला, सासू शुद्धीवर आली. सिनेमाचा विषय कुणीच काढला नाही. मी गप्प्याकडे तोंड करून बसलो. बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. साखर ढवळल्याचा. पलीकडच्या टेबलावरच्या बाईने पर्सची चेन ओढल्याचा. गप्प्याने घड्याळ काढून पुन्हा मनगटावर बांधलं, त्याचाही.

पाऊण तास. मग तो उठला आणि गेला.

घरी येऊन यंत्र काढून बघितलं. बॅटरी पूर्ण आहे. हिला हळू बोलायला सांगितलं, ते ऐकू आलं. बिघाड नाही.