तिसरा कप

रविवार, दिवेलागण. आनंद नगर.

फेसबुकवरची ती कमेंट आज काढून टाकायचीच, असं ठरवून बसलो होतो.

मे महिन्यात ऑफिसातल्या मुळ्यांनी फोटो टाकला होता. बडा तालाब, काठावरचा कट्टा, त्यावर थर्मास आणि दोन कप. वर लिहिलेलं, ‘आमची सुट्टी.’ आम्हा भोपाळच्या मराठी मंडळींची सुट्टी म्हणजे पुणं, नागपूर, हल्ली तर दुबई. मी लिहिलं, ‘अहो, एवढं तर आम्ही भाजी आणायला जातो!’ सगळ्यांनी हसून घेतलं. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू?

मुळेवहिनींना जाऊन महिना झाला. आज टी. टी. नगरला भेटायला गेलो, तेही इतक्या उशिरा. मुळे सहज बोलून गेले, “दिवसाआड डायलिसिस होतं ना. कुणाला सांगायचं नाही म्हणायची. संध्याकाळी परत येता येईल, तेवढंच लांब जायचो.”

सहज बोलले. की मला ऐकवलं?

घरी येऊन कमेंट उघडली. खाली वहिनींचं उत्तर आहे. तेव्हा वाचलंच नव्हतं का मी? लाइक तेवढे बघितले असणार. ‘भावजी, मग भाजी घेऊन इकडेच या. तिसरा कप आणते.’

कमेंट काढली तर हे उत्तरही जाईल. माझा टोमणा राहिला, तरच त्यांचं बोलावणं राहणार.

पुन्हा फोटो पाहिला. दोनच कप.

तालाब इथून पाऊण तासावर आहे. गेलो नाही.