फोन कोण उचलणार?

ता. ४ ऑगस्ट

चि. भिंगरीस काकाचे अ. आ.

पत्र लिहितोय, कारण तू फोन उचलत नाहीस. एसी-हीटर दुरुस्ती माझ्या हाताखाली शिकलीस आणि माझ्याच गल्लीत दुकान थाटलंस! वर पाटीवर आपलं आडनाव. ते आधी पूस, लोकांचा घोटाळा होतो. आता उकाडा संपला, थंडी लांब आहे. या दिवसांत भलेभले गाशा गुंडाळतात. त्यात तू एकटी. शिडीवर चढलीस की फोन वाजून वाजून गप्प होतो आणि गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. हट्ट सोड, आमच्या काउंटरवर बस. काकूही वाट पाहते आहे.

राग नाही, लोभच आहे.
काका

ता. ९ ऑगस्ट

ती. काकांना सा. न.

आडनाव पुसलं. त्या जागी लिहिलंय, ‘दुरुस्तीला बाई येते.’ माणूस कधी पाठवता, असं सारखं विचारतात ना, एकदाचा सोक्षमोक्ष! दातांच्या डॉक्टरांनी पाटी वाचून तोंड फिरवलं. बेकरीवाला मात्र म्हणाला, कोणीही या, पण लवकर या, माझं क्रीम वितळतंय.

मला एसीत भरायच्या गॅसचं सिलिंडर देऊ नको, असं तुम्ही सामानाच्या दुकानदाराला सांगितलंत. शोभतं का तुम्हाला? मी लांबून स्कूटरवर आणलं.

फोनचं तेवढं खरं आहे. परवा भिंतीला लटकले होते, फोन खिशात बोंबलत होता. अख्ख्या शाळेचं काम हातचं गेलं. रडले, खोटं कशाला बोलू? असंच चाललं तर थंडीआधीच दुकान बंद पडेल. पडू दे! तुमच्या काउंटरवर मी येणार नाही.

हे पत्र काकूलाही द्या, लपवू नका. आशीर्वाद मात्र बंद करू नका.
भिंगरी

ता. १३ ऑगस्ट

चि. भिंगरीस काकूचे अ. उ. आ.

पत्र यांनी दिलं नाही, मीच खिशातून काढलं. म्हणे काकू वाट पाहते! अगं, मला तर तुझा हेवा वाटत होता. यांच्या दुकानात इतकी वर्षं फोन कोण उचलतं? मी. तापलेल्या गिऱ्हाइकाला गार कोण करतं? मीच.

काल यांना सांगून टाकलं, सोमवारपासून मी पोरीकडे बसणार. हे म्हणाले, घरचं माणूस असं फितूर होतं का? मी म्हटलं, घरचं म्हणूनच तर आजवर फुकट बसवलंत. मग हे पेपरात तोंड घालून बसले.

शाळेचा नंबर काढून ठेव, पहिला फोन तिथेच लावते. खुर्ची पाठ टेकायची बघ, माझी कंबर धरते.

माया आहेच गं, पण पगारही घेईन. आयुष्यातला पहिलाच आहे, उशीर चालणार नाही.

तुझीच,
काकू