नत्थुजींच्या पोटातले सोने

प्रति,
मा. सिव्हिल सर्जनसाहेब,
सरकारी दवाखाना, अकोला.

विषय : अर्जदाराच्या पोटात सोने नाही, असा सहीशिक्क्याचा दाखला मिळण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कंपाउंडरसाहेबांनी हसत हसत दिलेला तोंडी सल्ला.

अर्जदार : नत्थुजी तुळशीराम उंबरकर, धंदा फुले-हार, राहणार जुने शहर, अकोला.

महोदय,

१. अर्जदार कीर्तनवेडा माणूस आहे. वामनरावबुवांचे कीर्तन जठारपेठेत असो की मोर्शीत, त्यांच्या गळ्यातला हार अर्जदाराच्याच हातचा असतो, आणि बुवांचा शब्द अर्जदार खाली पडू देत नाही. पुढचा सारा घोटाळा या एका गुणापायी झाला.

२. यंदा शिवरात्रीस बुवांच्या संगतीने अर्जदार, पत्नी पार्वताबाई व मेहुणे शेषराव हे नेपाळात पशुपतिनाथास गेले. दर्शन उत्तम झाले. परतीच्या दिवशी मोटार पहाटेपासून डोंगर उतरत होती. शिदोरीतली भजी अर्जदाराने एकट्यानेच संपवली असल्याने घाट लागताच त्याच्या पोटात मृदंग वाजू लागला. पार्वताबाईने लिंबू हुंगवले, टाळूवर पाणी थापले, पोटाशी वर्तमानपत्र बांधले. शेषराव मात्र, "भाऊजी, पोट हाये का पोतं? येवढं भरलं काहून?" असे मोठ्याने विचारत राहिले. त्यावर परमुलखातले उतारूही हसले. भाषा कळत नसून हसले, याचे अर्जदारास विशेष वाईट वाटले.

३. शेवटी बुवांनी अर्जदाराच्या तोंडात लवंग ठेवून आज्ञा केली, "नत्थुजी, आता मी उघड म्हणीन तवाच तोंड उघडायचं." एवढे सांगून बुवा डोळ्यांवर उपरणे ओढून झोपी गेले.

४. सरहद्दीच्या नाक्यावर चोरटे सोने शोधणारे तपासणीचे साहेब आत चढले. उलटी दाबून धरल्याने फुगलेले अर्जदाराचे गाल पाहून त्यांनी विचारले, "मुँह में क्या है?" अर्जदार आज्ञेने बांधलेला. बुवांना उठवावे, तर झोपलेल्या गुरूस हलवण्याचे पाप. म्हणून आपला त्रास कळावा या हेतूने अर्जदाराने पोटाकडे बोट दाखवले. साहेब ओरडले, "निगल गया! सोना निगल गया!" दोन शिपायांनी अर्जदारास दोन्हीकडून धरले. त्या गलक्याने बुवा जागे झाले आणि म्हणाले, "उघड रे बाबा, उघड!" अर्जदाराने आज्ञा तात्काळ पाळली. साहेबांचे बूट समोरच होते. लवंग निघाली, भजी निघाली, सोने निघाले नाही, कारण ते नव्हतेच. साहेबांनी नाकाला रुमाल लावून साऱ्या मंडळींना लगबगीने पुढे हाकलले.

५. परंतु अकोल्यात येताच शेषरावांनी गावभर केले, "तोंडातून निघालं नाई, म्हंजे पोटातच राह्यलं!" तेव्हापासून ते अर्जदाराच्या घरीच मुक्कामाला असून, सकाळी अर्जदार टमरेल घेऊन निघाला की "भाऊजी, थांबा, मी बी येऊन राह्यलो" म्हणत मागे येतात. शेजारच्या जाईबाईंनी आजवर वाटीभर ताक दिले नाही. त्या आता फुकट एरंडेल आणून देतात. कीर्तनात लोक बुवांकडे पाहायचे सोडून अर्जदाराच्या पोटाकडे पाहतात.

६. हेही सोसले असते. पण मुलगी शालू हिची सोयरीक मोर्शीस ठरली आहे. मुलगा सालस असून शालूच्या मनात भरला आहे. कालपर्यंत "नारळ आणि पोरगी द्या" म्हणणारे पाहुणे आता सोन्याचा गोफ मागतात. विहीणबाई म्हणतात, "पोटात ठेवून काय कराल? पोरीले द्या नं!" गोफ नाही तर सोयरीक नाही, असा त्यांचा निरोप आला आहे. शालू भाकरीला हात लावत नाही.

७. तरी कृपा करून अर्जदाराच्या पोटाचा एक्स-रे फोटो काढावा व रीतसर दाखला द्यावा. तो पाहून पोरीचे लग्न जसे ठरले तसे करू, असे व्याह्यांनी कबूल केले आहे.

जाता जाता एक खाजगी विनंती. सोने गिळले नाही, हे अर्जदार वीणा हाती घेऊन सांगेल. पण सारे गाव इतक्या खात्रीने बोलून राहिले आहे की अलीकडे अर्जदार वाकतानाही जरा जपूनच वाकतो. तेव्हा फोटोत चुकूनमाकून काही चमकलेच, तर दाखल्यात न लिहिता आधी अर्जदाराच्या कानात सांगावे. पोरीचा गोफ होऊन जाईल.

आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेला,
नत्थुजी तुळशीराम उंबरकर
अकोला, २० मार्च १९६४

सोबत : मेहुणे शेषराव. नको म्हटले तरी येत आहेत. फोटोच्या वेळी त्यांना बाहेर बसवावे.