बाबांचं पित्त

आई, बाबांना पित्त नव्हतं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत, आणि हे ऐकायला तू नाहीस हे मला कळतं. पण सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांना शेवटपर्यंत दगडसुद्धा पचले असते. माझ्या लग्नानंतर ते आमच्याकडे कोथरूडला राहायला आले, आणि शेवटच्या आजारपणात दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या वयात इतकं चांगलं पोट बघायला मिळत नाही." मी तिथेच हसले. इतक्या मोठ्याने हसले की नर्सने वळून बघितलं. का हसले ते तेव्हा मला सांगता आलं नसतं, कारण आपल्याला काय वाटतंय हे मला कधीच सांगता यायचं नाही. आता थोडं थोडं येतं. त्यासाठी या वयात शिकवणी लावावी लागली.

आपल्या येरवड्याच्या दोन खोल्या मला अजून लख्ख दिसतात. रविवार आहे, बाबांना कारखान्याची सुट्टी. तू तुरीच्या डाळीची आमटी केली आहेस, चिंच-गूळ घालून. बाबा पहिला घास घेतात, ताट उचलतात आणि तुझ्या तोंडावर हाणतात. आमटी कढत आहे. तू ओरडत नाहीस, पदराने डोळे पुसायला लागतेस, तेवढ्यात ते उठून तुझे केस धरतात आणि तुझं डोकं कडप्प्याच्या ओट्याच्या कडेवर आपटतात. मग पुन्हा आपटतात. खलबत्त्यात काही ओलं कुटावं तसा आवाज येतो. मी पिठाच्या डब्याशेजारी उभी आहे. तुझी भुवई फाटते, रक्त गालावरून ओघळून ब्लाउजवरच्या आमटीत मिसळतं. बाबा केस सोडतात, धापा टाकतात, छातीवर हात चोळून म्हणतात, "जळजळतंय." आणि तू जमिनीवर बसलेली, एक डोळा मिटलेला, मला सांगतेस, "बाबांना दूध आण गं. थंड आण. पित्त झालंय त्यांना." मी आणलं. ते प्यायले, ढेकर दिला आणि पंखा लावून आडवे झाले.

मग तुझी चौकशी समिती बसायची. भुवईवर हळद दाबून तू मला समजावलंस, "तूरडाळ बाधली त्यांना. माझंच चुकलं, मुगाची करायला हवी होती." पुढच्या वेळी पट्टा निघाला तेव्हा शेंगदाणे दोषी ठरले. मग हिरवी मिरची गेली, वांगं गेलं, टोमॅटो गेला. मी डब्यात साबुदाण्याची खिचडी मागितली तर तू घाबरून दाराकडे बघायचीस, घरात दारूगोळा आणायला सांगितल्यासारखी. शेवटी शेवटी आपण मुगाचं पातळ वरण आणि दुधीभोपळा खाऊन मार खात होतो. त्यात बाधण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी तुझा विश्वास ढळला नाही. तू म्हणालीस, आज फोडणीत मोहरी जास्त पडली.

मी हे सगळं नीट शिकले. विमा कंपनीत तक्रारींच्या विभागात नोकरी करते. दिवसभर लोक फोनवर माझी आई-बहीण काढतात आणि मी "आपली अडचण समजते, सर" म्हणते. ऑफिसात मला बर्फ म्हणतात. घरी मात्र वस्तू फुटायच्या. मी राग येऊन फोडते असं मला एकदाही वाटलं नाही. घशाशी काहीतरी जळजळत यायचं आणि एकदम कुकरचं झाकण भिंतीवर आदळलेलं असायचं. मधलं काही आठवायचं नाही. मग मी गोळी घ्यायचे. पर्समध्ये गोळ्या, ऑफिसच्या खणात गोळ्या, गाडीच्या डिकीत गोळ्या. बाबा तेव्हा आमच्याकडेच होते, रोज संध्याकाळी थंड दूध मागायचे आणि मी निमूट द्यायचे. आत्या एकदा आली होती, ती कौतुकाने म्हणाली, "अगदी बापावर गेलीय. पित्तप्रकृती!" दोघांनाही बरं वाटलं, बाबांना आणि मला.

बाबा गेल्यानंतरची गोष्ट. मी पोळ्या करत होते आणि मुलगा शेजारी उभा राहून तोंडल्याच्या भाजीला नावं ठेवत होता, आठ वर्षांचं पोर ठेवील तशी. लाटणं हातातून सुटलं, असं मी नवऱ्याला सांगितलं. ते सुटलं नव्हतं. मी नेम धरून मारलं होतं. त्याच्या कानाला लागून ते फ्रीजवर आदळलं. कान लालभडक झाला, मग सुजला. तो रडला नाही. त्याने फ्रीज उघडला, पेल्यात दूध ओतलं, दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "घे आई. तुला ॲसिडिटी झालीय. मी उगाच भाजीला बोललो." त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. आजोबांना दूध देताना त्याने मला बघितलं होतं, तेवढं पुरलं. मी ते दूध सिंकमध्ये ओतलं आणि त्यातच ओकले. काय वाटलं ते तेव्हाही सांगता आलं नसतं, पण एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. या घरात मी बाबा झाले होते, आणि माझा मुलगा तू व्हायला लागला होता. ते थांबलं नसतं तर त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या हातचा मार खाऊन वर त्यांचीच सेवा केली असती.

तरीही मी आधी गेले ती पोटाच्याच डॉक्टरांकडे. त्यांनी नळी घालून आतून सगळं बघितलं. "पोटात काही नाहीये तुमच्या," ते म्हणाले, "आता जरा वरच्या मजल्याचं बघून घ्या." आपल्याकडे डॉक्टरसुद्धा असेच बोलतात. त्यांनी ज्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं त्यांची खोली खरोखरच वरच्या मजल्यावर आहे. खाली दहावीची शिकवणी चालते, त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मारहाणीला मागून बीजगणित ऐकू येतं. पहिल्याच दिवशी मी लाटण्याचं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"जळजळलं."

"ते पोटाला. तुम्हाला काय वाटलं?"

"पोट माझंच आहे ना?"

"आहे की. पण सगळं त्यालाच करायला लावलंय तुम्ही."

मला बाई आवडली नाही. पण मुलाचा सुजलेला कान डोळ्यांसमोरून हलत नव्हता, म्हणून जात राहिले. त्या विचारायच्या, भीती वाटली की वाईट वाटलं? मला खरंच फरक कळायचा नाही. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "तुला भीती वाटते तेव्हा काय होतं?" तो बिचारा आयटीतला माणूस, लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "काय होतं म्हणजे? भीती वाटते." लोकांना हे आपोआप कळतं, हे ऐकून मी थक्क झाले. माझ्यात बदल झाला तो अगदी चिंधीएवढा होता. झाकण हातात असणं आणि ते भिंतीवर आदळणं याच्या मधलं मला आठवायला लागलं. आधी तळहात गरम होतात. मग दात दातांवर घट्ट बसतात, श्वास वर अडकतो. पोट सगळ्यांत शेवटी जळतं. तळहातांपाशीच ओळखता आलं तर वस्तू खाली ठेवायला थोडा वेळ मिळतो, आणि कधी कधी मी खरंच ठेवते.

पुढे मॅडमनी मला पुन्हा त्या पिठाच्या डब्याशेजारी उभं केलं. म्हणाल्या, "आईचं डोकं आपटतायत. ती छोटी मुलगी बघतेय. तिला काय वाटतंय?" मी नेहमीसारखं काही नाही म्हणणार होते. तोंडातून आलं, "बरं वाटतंय. आज आईवरच निभावलं." हे मी म्हणाले, आई. तू रक्तबंबाळ होत असताना मला सुटल्यासारखं वाटायचं, कारण ते केस माझे नसायचे. मॅडम हळूच म्हणाल्या, "एवढ्याशा मुलीला दुसरं काय वाटणार?" आणि मला त्यांच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. तेही मी सांगून टाकलं. "सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची जराशी मागे घेतली.

बाबांवर रागावणं त्यानंतर सोपं गेलं. त्यांना मी त्या खोलीत मनसोक्त ठार मारलं, ओट्यावर डोकं आपटून, त्यांच्याच पट्ट्याने, कढत आमटी डोळ्यांत ओतून. प्रत्येक वेळी मॅडम विचारायच्या, "संपला राग?" आणि तो संपलेला नसायचा. मग एक दिवस तू आठवलीस. मी सातवीत आहे. बाबा तुला पट्ट्याने फोडून काढून बाहेर गेलेत, तू मला भाकरी वाढतेस. मी म्हणते, "मला बाबांचा राग येतो. मरू देत ते." तू अशी फिरतेस आणि माझ्या तोंडावर अशी चपराक मारतेस की ओठ दातावर आपटून फाटतो. "राग नाही आलेला तुला. भूक लागलीय. जेव मुकाट्याने." मी जेवले. घासाला रक्त लागत होतं, तरी ताट स्वच्छ केलं. बाबांनी मला जे मारलं त्यातलं बरंच मी विसरले. तुझी ती चपराक गेली नाही, कारण त्यानंतर मला खरंच राग येईनासा झाला. त्या दिवशी मला भूक लागली होती का, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही.

मला तुझा राग येतो, आई. तू कुठे जाणार होतीस, माहेरी कोण होतं, हातात काय होतं, हे सगळं मला कळतं. तू माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होतीस हेही कळतं. तरी राग येतो, तुझ्या फोटोला हार घालतानाही येतो. तू डाळ बदललीस, तेल बदललंस, मला बदललंस; दार उघडून मला घेऊन बाहेर पडली नाहीस. मॅडम म्हणतात, कळणं आणि राग येणं दोन्ही एकदम असू शकतं. ही सोय असते हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

परवा मुलाने माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर सरबत सांडलं. तळहात गरम झालेले मला कळले. "मला राग आलाय, मी बाहेर जाते," असं शिकवल्याप्रमाणे म्हटलं. पण जाताना बाल्कनीचं दार असं आपटलं की काच फुटून खाली आली. मी काही संत झालेले नाही. परत वळले तर तो काचांच्या पलीकडे उभा, मुठी वळलेल्या. अकरा वर्षांचा आहे आता. मला वाटलं, झालं, आता हा माफी मागणार. तो म्हणाला, "मला तुझा राग आलाय. सरबत मी सांडलं. काच तू फोडलीस. अशी वागतेस तेव्हा तू मला अजिबात आवडत नाहीस. मी आज तुझ्याशी बोलणार नाही." माझा हात वर गेला. खोटं कशाला सांगू, चांगला कानापर्यंत गेला. त्याने डोळे मिटले, पण जागचा हलला नाही. मी हात खाली घेतला आणि म्हणाले, "बरं. नको बोलूस." तो खोलीत गेला, आतून कडी लावली. मी काचा गोळा करत बसले.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नेहमीचंच विचारलं, काय वाटलं? मी म्हणाले, अभिमान वाटला. गाडीवरून येतानाच तसं ठरवलं होतं. त्या खूश झाल्या, मीही खूश झाल्यासारखं केलं. पण हा कागद मी कुणाला दाखवणार नाहीये, मॅडमनाही नाही, तेव्हा इथे खरं लिहिते. मला हेवा वाटला. त्याने ते तोंडावर म्हटलं आणि त्याच्या आईने त्याला मारलं नाही. ती आई मीच आहे, तरी वाटला.