कोचीनमध्ये बघण्यासारखं

॥ श्री ॥
एर्नाकुलम, ता. ११ एप्रिल १९७४

ती. राहीअक्कास जोतीरामचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. ऊस वेळेवर गेला हे वाचून जीव भांड्यात पडला. आता तरी आबांना इकडे धाडून दे. नऊ वर्षं मी इथं गलाईच्या भट्टीपुढे बसून सोनं गाळतोय आणि नऊ वर्षं पत्रातूनच त्यांना कोचीन दाखवतोय. सागवानी बल्ल्यांना टांगलेली ती चिनी जाळी, एकेक पाण्यात सोडायला चार-पाच गडी लागतात. मट्टनचेरीचा राजवाडा, त्याच्या भिंतींवर रामायण रंगवलंय. यहुदी लोकांचं देऊळ, तिथल्या निळ्या नक्षीच्या फरशांत एकीसारखी दुसरी नाही. आणि वास्को द गामाला आधी पुरलं होतं ते चर्च. लांबलांबचे लोक हे बघायला गाठोडी बांधून येतात, आणि ज्याचा पोरगा इथं राहतो त्यानंच बघितलेलं नाही, हे बरं दिसत नाही.

आबा विसरतात म्हणतेस. सत्तरीला टेकल्यावर माणूस विसरायचाच. तू तर चाळिशीच्या आतच माझं लग्न जमवायचं विसरलीस. आमच्या पलीकडच्या गल्लीतला दुकानदार बाळासो सध्या विट्यालाच आलाय, तो परत येताना त्याच्याबरोबर पाठव. शनिवारी दाजी साताऱ्याहून आले की त्यांना नमस्कार सांग.

लोभ आहेच, पण आबांना पाठवलंस तर तो दिसेलही.

तुझा
जोतीराम


॥ श्री ॥
विटा, ता. १९ एप्रिल १९७४

चि. जोतीराम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आबा उद्या बाळासोबरोबर निघतात. मिरजेला गाडी धरतील. माझं मन घेत नव्हतं, पण त्यांनी चार दिवस आधीच बूट पॉलिश करून उंबऱ्याशी मांडून ठेवलेत. पलटणीची सवय, दुसरं काय.

तुला वाटतं हे नुसतं म्हातारपणाचं विसरणं आहे. तसं नाही रे. जेवून हात धुतात आणि मला भाकरी मागतात. परवा बाजारातून येताना घरची वाट चुकले आणि एसटीच्या अड्ड्यावर तीन तास बसून राहिले. आपल्या गल्लीतल्या हरिबानं आणून सोडलं म्हणून बरं. तेव्हा नीट ऐक. त्यांचा हात सोडू नकोस. त्यांना बसवून कुठे जाऊ नकोस. बंडीच्या आत मी कापडाचा तुकडा शिवलाय, त्यावर त्यांचं नाव आणि पत्ता शाईच्या पेन्सिलीनं लिहिलाय. हरवले तर कुणीतरी घरी आणून सोडील.

तुझी पत्रं मात्र तोंडपाठ आहेत त्यांना. ट्रंकेतला गठ्ठा रोज काढायला लावतात. त्यातही तू गेल्या गेल्या लिहिलेलं पहिलं पत्र, कोकणी लोकांच्या जुन्या देवळाचं. त्यांची बोली आपल्यासारखी कानाला लागते, जीव उदास झाला की मी तिथल्या पायरीवर जाऊन बसतो, असं लिहिलं होतंस बघ. तेवढं वाचलं की डोळे पुसतात आणि पुन्हा वाच म्हणतात. मीच कंटाळले.

शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, एकट्यानं फस्त करू नकोस. आमचा बाप तुझ्या हवाली करतेय, एवढ्यावरून माझी माया किती ते ओळख.

तुझी अक्का
राही


॥ श्री ॥
एर्नाकुलम, ता. ३ मे १९७४

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

आबा सुखरूप पोचले. जाळी बघून खूश झाले, पण एवढ्याशा मासळीला एवढं लाकूड, ह्यात आपलं अख्खं घर उभं राहिलं असतं, असं त्यांचं मत पडलं. राजवाड्यात रामाच्या चित्रापुढे बूट काढून सावधान उभे राहिले. मागची सगळी मंडळी खोळंबली.

मला दोनदा त्यांनी दुकानातला गडी समजून पाणी मागितलं. नव्या जागेत होतं असं. आणि अक्का, तू तरी धन्य आहेस! बंडीत पत्ता शिवलास तो विट्याचा, आणि तोही मराठीत. इथं तो वाचणार कोण? मी हसून हसून दमलो. सवड झाली की इथला पत्ता इंग्रजीत लिहून खिशात घालतो.

तुझ्या चटणीला इथली मंडळी चटावलीत, तेव्हा माझ्यावरचा लोभ चटणीच्या रूपानं येऊ दे.

तुझा
जोतीराम


॥ श्री ॥
एर्नाकुलम, ता. ९ मे १९७४

ती. नानासो दाजींस शि. सा. नमस्कार.

हे पत्र मुद्दाम तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवतोय. अक्काला कळू देऊ नका.

परवा मंगळवारी आबा हरवले. राजवाडा पुन्हा बघायचा म्हणाले म्हणून बोटीनं मट्टनचेरीला नेलं होतं. मालकानं तिथल्याच एका सराफाला द्यायला जिन्नस दिला होता. म्हटलं, एका खेपेत दोन कामं होतील. आबांना राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसवलं, आलोच म्हणालो. सराफाकडे अर्धा तास गेला. परत आलो तर पायरीवर काठी होती, आबा नव्हते.

दोन दिवस धुंडाळतोय. जाळी, चर्च, यहुद्यांचं देऊळ, बोटीचा धक्का. पोलिसांत वर्दी दिली. माझं मल्याळम भट्टीपुरतं, बाप हरवल्याचं त्यात नीट सांगताही येत नाही. लोक भले आहेत, थांबून ऐकून घेतात, पण मी फोटो कुठला दाखवू? इंग्रजी पत्ता लिहायला मला चार दिवसांत सवड झाली नाही, दाजी.

कालपासून रेल्वेचा संप. तुम्हाला या म्हणायचीही सोय उरली नाही. मी काय करू ते कळवा. लोभ कमी झाला तरी चालेल, उत्तर पाठवा.

आपला
जोतीराम


॥ श्री ॥
एर्नाकुलम, ता. १३ मे १९७४

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

आबा खुशाल आहेत. आज चर्च दाखवलं. गामाला तिथं पुरलं आणि चौदा-पंधरा वर्षांनी त्याच्या मुलखात नेलं. ते ऐकून आबा म्हणाले, मेल्यावर का होईना, घरी नेलं म्हणायचं. दुपारी माझ्यापुढे बसून दोन आंबे खाल्ले. काळजी करू नकोस. संपामुळे पत्राला उशीर झाला तर रागावू नकोस.

लोभ असू दे, अक्का. लागेल मला.

जोतीराम


॥ श्री ॥
सातारा, ता. २० मे १९७४

चि. जोतीराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी हातात पडलं. शनिवारी एसटीनं विट्याला गेलो, तर तुझी अक्का दारातच तुझं दुसरं पत्र घेऊन उभी. मला वाचून दाखवलं. मग शेजारच्या चंद्राबाईला हाक मारून पुन्हा वाचलं. मामांनी दोन आंबे खाल्ले, तिथं दोन्ही वेळा हसली. मी मान डोलवत राहिलो. घास घशाखाली उतरेना, तर तिला वाटलं प्रवासानं थकलोय.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. रजा मागितली, मिळाली नाही. मिळाली असती तरी रेल्वे बंद. आणि आलो असतो तरी तिथली पाटी मला वाचता येणार नाही, मी शोधणार काय? तुला धीर द्यायला बसलोय आणि माझेच तीन कागद फाडून झालेत. येत्या शनिवारपर्यंत तू तिला खरं कळव. नाहीतर मला सांगावं लागेल, आणि तेवढी छाती माझ्यात नाही.

तुझ्यावर राग नाही, एवढं लक्षात ठेव.

नानासो


॥ श्री ॥
विटा, ता. २२ मे १९७४

चि. जोतीराम,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते लिहायला हात वळत नाही.

काल टपालात एक कार्ड आलं. मट्टनचेरीच्या कोकणी देवळातल्या भटजींनी लिहिलंय. तुमच्याकडचे एक वृद्ध गृहस्थ आठ दिवस आमच्या पायरीवर बसतात, प्रसादाचं जेवतात, ओवरीत निजतात. नाव विचारलं तर सांगत नाहीत, मुलाची वाट बघतोय एवढंच म्हणतात. बंडीत शिवलेल्या कापडावरचा पत्ता वाचून कळवतो आहे. कार्डावर तारीख पंधरा. तुझ्या पत्रावर तेरा, ज्यात आबा तुझ्यापुढे आंबे खातात. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मी चूल न पेटवता बसून राहिले. शनिवारी ह्यांच्या घशाखाली घास का उतरत नव्हता, तेही कळलं.

पोस्टातल्या मास्तरांकडून लगेच तार लिहून घेतली, ती तुला मिळाली असेल. पण तू तिथं गेलाच कसा नाहीस रे? तूच लिहिलं होतंस की. तुझ्यावर रागवावं, तर तू तिथं एकटा. न रागवावं, तर तो माझा बाप. काय करू ते मला कुणी सांगत नाही.

उलट टपाली लिही, आणि खरं लिही. माया तुटलेली नाही, दुखलीय.

राही


॥ श्री ॥
एर्नाकुलम, ता. २५ मे १९७४

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

तुझी तार परवा मिळाली. भट्टी तशीच टाकून धावलो. आबा पायरीवर बसले होते. दाढी वाढलेली, बूट लखलखीत. मी पाय धरले, तर त्यांनी घाईनं पाय मागं घेतले आणि पावणं, जरा सरकून बसा, हितं माझा पोरगा येणार हाय, असं म्हणाले. मी सरकून बसलो.

पावणा नवखा दिसतोय म्हणून त्यांनी मला कोचीनमध्ये बघण्यासारखं काय काय ते सांगितलं. जाळी, राजवाडा, फरशा. सगळे शब्द माझ्या पत्रातले, अक्का, एक कमी नाही. मग म्हणाले, पोराचा जीव उदास झाला की तो ह्या पायरीवर येतो, आज न्हाई तर उद्या येईलच. मी सांगितलं, आबा, मीच जोतीराम. तर त्यांनी विचारलं की त्याचा काही निरोप आणलाय का.

सतरा दिवस माझा जीव उदास होता आणि मला ही पायरी आठवली नाही. ह्याची लाज मी कुठं ठेवू?

कितीही विनवलं तरी उठेनात. पोराची चुकामूक होईल म्हणायचे. भटजींनीही समजावलं. शेवटी त्यांच्याकडून कागद मागून घेतला, खांबाआड बसून पत्र लिहिलं आणि पाहुणा म्हणून आबांच्या हातात दिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मला ओळखलं नव्हतं, अक्षर ओळखलं. मलाच वाचायला लावलं, दोनदा. मग घडी करून बंडीत ठेवलं, उठले आणि माझा हात धरला. आता खोलीवर आहेत. मला पावणं म्हणतात. संप मिटला की घेऊन येतो. तोवर रोज एक पत्र लिहून त्यांना वाचून दाखवायचं ठरवलंय.

तू खरं लिही म्हणालीस, म्हणून त्या पत्राची नक्कल खाली देतो. ह्यापुढे माझ्यावर किती लोभ ठेवायचा ते तू ठरव.

तुझा
जोतीराम

॥ श्री ॥
ती. आबांस जोतीरामचा शि. सा. नमस्कार वि. वि.
मी खुशाल आहे. कामामुळे पायरीवर यायला उशीर झाला, माफ करा. हे पत्र आणणारा माणूस आपल्यातलाच आहे. त्याचा हात धरून माझ्या खोलीवर या. तो तुम्हाला कुठेही बसवून जाणार नाही.