अर्धा कापलेला कोपरा

४ मे

आज पुन्हा मला खोलीबाहेर काढलं! काय केलं मी? फक्त म्हटलं, प्लास्टिकविरोधी फेरी सकाळी काढा, ऊन लागेल. भाची म्हणाली, "मॅडम, ते आम्ही ठरवू." घरी मावशी, युवा केंद्रात मॅडम. पोरांनी तिचं नाव वकीलबाई ठेवलंय ते उगाच नाही. मग काय, बसले पायरीवर सगळ्यांच्या चपला राखत. "पुढाकार मुलांचा, आपण फक्त पाठीशी" — हे वाक्य केंद्राच्या भिंतीवर मीच हौसेने रंगवून घेतलं होतं. भोगा आता!

६ मे

तिच्या बाबांचा फोन. कॉलेजसाठी तिला तिकडे बोलावतायत. ताई गेल्यापासून ती माझ्याजवळ, घरात आम्ही दोघीच. पण लेक शेवटी त्यांची. ती म्हणाली, "हे प्लास्टिकचं मार्गी लागू दे मावशी, मग सांगते." मी म्हटलं, "तुझी मर्जी." आणि भांडी जरा जोरातच घासली.

तिने जाऊ नये. इथे लिहिते, तोंडाने म्हणणार नाही.

११ मे

फेरी रद्द. गल्लीच्या टोकाचं गटार तुंबलं होतं. कशाने तुंबलं ते बघायला काढून ठेवलेला गाळ पोरांनी हातमोजे घालून चाळला. बाटल्या, मोठ्या पिशव्या फारशा नव्हत्याच, त्या भंगारवाला आधीच उचलतो. निघाले ते नखाएवढे तुकडे, मूठमूठ! कसले ते कुणाला कळेना. तेवढ्यात पोरांमधली ती पुटपुट काहीतरी म्हणाली. ही मुलगी इतकी हळू बोलते की तिला दुसरं नाव शोभलंच नसतं. भाची ओरडली, "गप्प बसा सगळे, ती काय म्हणतेय ऐका!"

"दुधाच्या पिशवीचे कोपरे आहेत."

अगं बाई, खरंच की! पिशवी धुऊन आपण भंगारात देतो. कापलेला कोपरा कुठे जातो कुणी पाहिलंय? माझ्याकडे रोज एक लिटरची पिशवी येते, भाचीला रात्री पेलाभर दूध लागतंच. म्हणजे त्या गाळात आमचेही कोपरे असणार. लाज वाटली.

१२ मे

ठरलं. घरोघरी जाऊन एवढंच सांगायचं — कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीला लटकू द्या. केंद्राच्या साहेबांचा चेहरा पडला. त्यांना फेरी हवी होती, म्हणजे फोटो. "एवढ्याशा तुकड्यांचं लोकांना दाखवणार काय?" मी तोंड उघडणार, तोच भाचीने तुकड्यांनी भरलेली बरणी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. वास असा सुटला की साहेबांनी नाक धरूनच होकार दिला!

१९ मे

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारातूनच कडाडल्या, "आता मला पिशवी कापायला शिकवणार तुम्ही?" मी लगेच पुढे सरसावले. काकू माझ्या ओळखीच्या, दोन शब्दांत पटवलं असतं. भाचीने मला बाहीला धरून मागे ओढलं आणि पुढे केलं कुणाला, तर आमच्या पुटपुटला! पोर घामाघूम. इतकं हळू बोलली की ऐकायला काकूंना उंबरठ्याबाहेर यावं लागलं. आल्या, ऐकलं, मग म्हणाल्या, "थांब, कात्री आणते. दाखव कसं ते."

जिना उतरताना भाचीला म्हटलं, "तू बोलली असतीस तर पटकन उरकलं असतं."

"माहितेय," म्हणाली.

२६ मे

भंगारवाला सांगत होता, बऱ्याच पिशव्या आता कोपऱ्यासकट येतात. पुटपुट एकटीने जिने चढते. भाची खाली उभी राहून शेंगा खाते. वकीलबाईंचा आळस म्हणायचा की काय!

पण मी खूश आहे. एवढी बसलेली घडी टाकून कोण जाईल? इथल्या कॉलेजचं माहितीपत्रक तिच्या उशाशी ठेवलं. सहजच.

३० मे

आज बैठकीला मी आपणहून पायरीवर. आतून खणखणीत आवाज — कोण बोलतंय म्हणून मान वळवली तर पुटपुट! एकाला चक्क दटावत होती. जरा वेळाने भाची बाहेर येऊन शेजारी टेकली.

"काय गं, तुलाही काढलं?"

"नाही. मीच आले."

दोघी मिळून चपला राखल्या. माहितीपत्रकाचं विचारावंसं वाटलं. त्याऐवजी चपलांच्या जोड्या लावल्या.

२ जून

बाबांकडे जाणारी बस सुटेपर्यंत तिला एकही सूचना केली नाही. परत येताना दूधवाल्याला सांगितलं — उद्यापासून अर्ध्या लिटरचीच पिशवी टाक.